अठरा मिलिमीटर

बोरामणीच्या माळावर, सकाळी साडेसातला,
कुसळात दडलेला दगड सापडला.
डोक्यावर छिन्नीची फुली, फुलीत मुंग्या.
गुरसिद्धप्पांनी फुंकर मारली, टॉवेलनं पुसला,
आणि चार पावलं मागं सरून चपला काढल्या.
का, ते मी विचारलं नाही.

या दगडाची जागा आम्हाला आधीच माहीत होती,
अक्षांश, रेखांश, उंची, कार्यालयाच्या वहीत पक्की.
नवं यंत्र किती खरं बोलतं एवढंच बघायचं.
ज्याचं उत्तर ठाऊक आहे तोच प्रश्न
पुन्हापुन्हा विचारायचा,
आणि उत्तर किती हलतं ते टिपायचं.
आमच्या खात्यात याला तपासणी म्हणतात.
माझ्या सासूबाई याला माया म्हणतात.

बेस तिवईवर, रोव्हर दांड्यावर.
टॅबलेटवर बराच वेळ फ्लोट,
मग एकदम फिक्स.
तेवीस उपग्रह, काही आपले, काही परक्यांचे,
वीस-वीस हजार किलोमीटरवरून
एका फुलीबद्दल बोलायला लागले.
खाली गुरसिद्धप्पा दांडा धरून,
बुडबुड्यावर नजर, श्वास अर्धा.
तीस वर्षं साखळी ओढलेला माणूस.
"तवा वीतभर इकडंतिकडं झालं
तर बांध बोलत नव्हता बाई.
माणसंच बोलायची."

दर सेकंदाला एक ठिपका.
पडद्यावर ते पसरत गेले,
पाखडताना सुपाबाहेर उडालेल्या ज्वारीसारखे.
कंपनीच्या कागदावर आठ मिलिमीटर.
आमचे अठरा.

बेस तपासला. अँटेनाची उंची टेपनं पुन्हा मोजली, दोनदा.
वर विजेची तार नाही, जवळ पत्र्याचं शेड नाही.
काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते,
दगडालाही सोबत नेते, हे खरं;
पण सरकलेला दगड सगळ्या ठिपक्यांना एकाच बाजूला ढकलतो.
हे कुठंच जात नव्हते.
होते तिथंच थरथरत होते.

तेव्हा मी पडद्यावरून मान वर केली.

डावा हात दांड्याला.
उजव्यानं डावं मनगट घट्ट धरलेलं.
"हालतंय का?" त्यांनी विचारलं,
बुडबुड्याकडंच बघत.

गाडीत दोन पायांचा आधार होता, पिवळ्या पिशवीत.
तो लावला. म्हणाले, आता नियमच आहे.
नियम आधीपासूनच होता,
सकाळी कंटाळा मीच केला होता.
पुढचे एकशेऐंशी ठिपके सात मिलिमीटरात मावले.
गुरसिद्धप्पा रिकाम्या हातांनी उभे राहिले थोडा वेळ,
मग बेसभोवतीची कुसळं उपटू लागले,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी.
थर्मासातला चहा त्यांनी अर्धाच कप घेतला.
नेहमीच अर्धा घेतात.
मला इतकी वर्षं वाटायचं, साखरेमुळं.

अहवालात रकाना आहे:
पहिल्या फेरीतील विचलन. अठरा.
त्यापुढं: संभाव्य कारण.
त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत.
मी लिहिलं, वारा.
त्या दिवशी माळावर एक पातं हललं नव्हतं.

साहेबांनी वाचलं, सही केली,
म्हणाले, बोरामणीला वारा असतोच.