काचेवरचा आकडा

हर्णैच्या पुळणीवर बाबाचा आवाज
बैलगाडीच्या चाकांपुढे धावतो.
गुडघाभर पाण्यातले बैलसुद्धा त्याला ओळखतात.
पाटी वाळूत टेकायच्या आत
तो सुरमईला भाव देतो,
तो भाव एकाच्या तोंडातून काढतो
आणि दुसऱ्याच्या तोंडात घालतो.
तेवीस वर्षं. फलक नाही, चिठ्ठी नाही.
बोटी रिकाम्या आल्या की भाव चढतो,
पण चढतो तो सगळ्यांच्या कानांदेखत.

म्हणून चिपळूणच्या शोरूममध्ये
काचेवर छापलेला आकडा बघून तो खूश झाला.
अकरा लाख एकोणपन्नास हजार.
"ह्ये बरं हाय," म्हणाला, "हितं वरडायला नको."
आईनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या.
एसीत गार पडलेल्या पायांनी
ती गाडीभोवती हिंडली,
पदरानं आरसा पुसला,
जो आधीच लख्ख होता.

कौस्तुभ नावाचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र,
माझ्याच कॉलेजातला वाटावा इतका लहान,
दुसरा एक कागद घेऊन आला. हा छापील नव्हता.
सीटकव्हर, मॅट, मडफ्लॅप. घ्यावेच लागतील. अठ्ठेचाळीस हजार.
विमा आमच्याकडचाच.
हाताळणीचे बारा.
"कुणाला हाताळलं?" बाबानं विचारलं.
मुलगा हसला नाही. त्याला हसायचं होतं.
सगळ्यात खाली एक ओळ, तिला नावच नव्हतं:
साठ.

"काका, वेटिंग नऊ महिन्यांचं आहे.
ही पांढरी कालच उतरलीय, एका पार्टीनं कॅन्सल केली.
साठ दिलेत तर परवा तुमच्या दारात."
"आणि पावती?"
मुलानं काचेपलीकडे महामार्गाकडे बघितलं,
जणू पावती तिकडूनच
एखाद्या ट्रकमधून यायची होती.

बाबा उठला.
मला वाटलं, निघाला.
त्यानं घसा साफ केला
आणि पुळणीवर होतो तसा सुरू झाला:
"पांढरी आलीय, ताजी, कालची!
साठ लागलंत वरती, साठ, साठ, कोन फुडं?"

कॉफीच्या मशीनपाशी माणसं हसली.
मॅनेजर केबिनच्या दारात येऊन थांबला.
"काका, प्लीज," कौस्तुभ म्हणाला.
बाबाला एवढंच हवं होतं,
की जे कानात सांगितलं
ते एकदा मोठ्यानं ऐकू यावं.

मग सोफ्यावरून, कानाचा फोन न काढता,
गुहागरकडचा कुणी लॉजवाला म्हणाला,
"सत्तर."

इथं बाबानं थांबायला हवं होतं.
पण तेवीस वर्षांचा घसा
बोली ऐकल्यावर थांबत नाही.
"सत्तर एक."
माझ्याकडे बघितलं.
"सत्तर दोन."
आईकडे बघितलं नाही.
हात वर गेला होताच.
तो खाली आला.

लॉजवाल्यानं फोनवर सांगितलं, झालं काम.
मॅनेजरनं बाबालाही पेढा दिला,
आणि त्यानं तो घेतला.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी उघडून.
तिला घाट लागतो.
गाडी त्यासाठीच घ्यायची होती.
पेढा बाबाच्या मुठीत मऊ झाला होता.
फुरूस मागे पडलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला:
"आपली दलाली ऱ्हायली."

मी हिशेब केला.
सत्तर हजारांवर शेकडा पाच,
साडेतीन हजार.
आई हसली,
पिशवी तोंडापासून जराशी लांब धरून,
आणि तेवढ्यात पुढचं वळण आलं.