उजवा कोपरा

जावयाच्या कंपनीचे दोन पास, मुदत रविवारपर्यंत.
बायको म्हणाली, माझे गुडघे तुमच्या सिनेमाला येणार नाहीत.
मग दस्तगीरला फोन केला.
तो स्वारगेटला माझ्याआधी हजर,
इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याची डबी,
जणू पहिल्या खेळाची पेटी उतरवून घ्यायचीय.

कात्रजचा घाट उतरून, शिवापूरच्या अलीकडे,
डोंगराच्या पायथ्याशी ही सिनेमाची बाग.
दारावरच्या पोरानं मनगटाला कागदी पट्टा बांधला.
"ॲडमिट करून घेतायत, कुंजीर," दस्तगीर म्हणाला,
"ससूनला असाच बांधला होता."

आत लंडन होतं, लंडनला लागून एक खेडं,
खेड्यामागं रेल्वे स्टेशन, रूळ वीस पावलांचे.
दर तासाला साबणाच्या फेसाचा बर्फ पडायचा
आणि बारामतीहून आलेली एक अख्खी शाळा
त्या बर्फात किंचाळायची.
आम्ही एका खांबावर टिचकी मारली. पोकळ.
दुसऱ्यावर. पोकळ.
तिसरा खरा निघाला,
त्याच्यावर विजेचा मीटर होता.

मग वळणावर ती दिसली.
आमची नव्हे, तिची चुलत बहीण म्हणा:
जुनी टॉकीज, अर्धगोल सज्जा, जाळीचा दरवाजा,
'हाउसफुल'ची पाटी कायमची टांगलेली.
आमच्याकडं ती पाटी शेवटची कधी लागली
यावरून आमचं अजून भांडण आहे.
भवानी पेठेत आमच्या टॉकीजच्या जागी प्लायवूडचं गोदाम,
आणि इथं प्लायवूडची टॉकीज.
दस्तगीर हसला नाही.

तो तिकिटाच्या खिडकीशी गेला.
भोकातून हात घातला, मूठ मिटलेली,
पब्लिक घालायची तशी, चुरगळलेल्या नोटांसकट.
आतून आवाज आला, "काका, इथं काही नाही."
वाकून बघितलं तर एक पोरगा डबा खात बसलेला,
गणवेशाचं वरचं बटण काढून. मेथीची भाजी.
"बाल्कनीची दोन," दस्तगीर म्हणाला.
पोरानं क्षणभर बघितलं,
मग पोळीचे दोन तुकडे मोडले
आणि भोकातून बाहेर सरकवले.

दुपारी, खुर्च्या हलतात तो खेळ.
खुर्चीनं धक्के दिले, तोंडावर पाणी उडवलं,
डायनासोर की काय ते अंगावर आलं.
मी सवयीनं रांगा बघत होतो,
कोण वाट चुकलंय, कुणाचं पोर रडतंय.
सत्तावीस वर्षं बॅटरी घेऊन अंधारात उभा राहिलो,
एकही सिनेमा सलग माहीत नाही;
शेवट तेवढे ठाऊक आहेत,
कारण दारं उघडायची असतात.
आणि दस्तगीर मागं वळून बसलेला.
भिंतीत भोक शोधत होता,
उजेडाचा तो पट्टा, त्यात तरंगणारी धूळ, विडीचा धूर.
बाहेर आल्यावर गणवेशातल्या मुलीला विचारलं,
"ऑपरेटर कोण आहे?"
"ऑटो आहे, सर."
"जेवायला कधी जातो?"
ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

परतीला भोरची एसटी. उजवीकडची खिडकी त्याला दिली.
पट्टे निघेनात. त्यानं दातांनी तोडला, मी राहू दिला.
घाट चढताना म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
की सिनेमा त्यानंही कधी बघितला नाही.
रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात
एक ठिपका चमकतो, डोळा मिटला तर गेला.
पहिल्याला मोटार सुरू, दुसऱ्याला दुसरं मशीन.
"पब्लिक हिरोइनीकडं बघायची, मी कोपऱ्याकडं.
निकाहच्या दिवशी बायकोच्या डोक्यावर,
उजवीकडं बघत होतो, कुंजीर.
वाटलं, आता येईल."

मग जुना बोगदा.
एसटीत दिवे नव्हते, कंडक्टर पैसे मोजायचा थांबला.
बाहेर पडलो तर खाली अख्खं पुणं पेटलेलं
आणि काचेत, वर, उजव्या कोपऱ्यात,
चंद्र.
दस्तगीरचा हात उठला,
हवेतला खटका त्यानं खाली ओढला
आणि हात तिथंच राहिला.

स्वारगेटला एसटीचं दार मी उघडलं,
बाजूला उभा राहिलो
सगळे उतरेपर्यंत.