फट

सारेमा बेटावर साडेतीनलाच अंधारतं.
मारिका नावेचं कवच पडद्यावर फिरवते:
नुसते पृष्ठभाग. जाडी शून्य, वजन शून्य.
कुठेतरी एक कड उघडी आहे.

नाळेपाशी दोन पत्रे
केसाच्या विसाव्या हिश्शाने चुकलेत,
तिसरा उलटा, आतलं अंग बाहेर करून बसलेला.
ती त्याला सुलटा करते, जास्तीचं छाटते,
टाके घालते. उसवतात.
थोडी सूट वाढवली तर शिवण बसेलही.

एंडेल शेडमधून येतो, हाताला डांबर.
"फट दिसते?"
"नाही."
"पाण्याला दिसेल."

कड पुसून ती नव्याने ओढते.

पावणेसहाला कवच भरीव होतं.
कोपऱ्यात आकडा उमटतो: चारशे बारा किलो.
एंडेल काही बोलत नाही,
फक्त खुर्ची जरा मागे घेतो,
जागा करून दिल्यासारखी.