क्रुसाची वाट, गिट्टीखदान

दरवर्षी पवित्र गुरुवारी
फादर ज्यांचे पाय धुवायचे
त्या बारा जणांत बाबा असायचे.
दुपारपासूनच न्हाणीत बसून
वजरीनं टाचा घासायचे, नखं काढायचे,
भेगांना एरंडेल.
मी हसायचे : ते धुणारच आहेत ना?
"धुतात म्हून काय झालं, बाई,
दुसऱ्याच्या हातात द्याचे पाय
तं धुऊनच न्या लागते."

आणि शुक्रवारी सेमिनरी हिल्सची चढण,
अनवाणी, चौदा थांबे.
माउलीच्या गुहेशी पोचेतो डांबर तापलेलं.
उतरताना खिशातून संत्रं निघायचं,
फोडी मोजून निम्म्या मला.

यंदा चढण घरातच आहे.
पलंगापासून न्हाणीपर्यंत अकरा पावलं.
पहिला थांबा फ्रीज.
दुसरा आईची शिलाई मशीन,
सुईत अजून पांढरा दोरा.
तिथं ते जरा जास्त थांबतात.

आज उंबऱ्यावर पडले.
काखेत हात घालून मी ओढत राहिले,
उचलता येईना.
फरशीवरूनच म्हणाले,
"तो तीनदा पडला होता.
आपलं तं एकच झालं."

दार उघडं होतं.
कूलरचं गवत बदलायला जाफरनगरचा तौसीफ आलेला,
खांद्यावर गवताची पेंडी, दीडशे रुपये ठरलेले.
मी त्याला वेठीला धरलं.
पेंडी भिंतीला टेकवली त्यानं,
बाबांचा हात स्वतःच्या गळ्यात घेतला,
"चलो चाचा."

शिमोन कुरेनेकर शेतावरून येत होता.
घरी त्याची कोण वाट बघत होतं,
कुणी लिहून ठेवलं नाही.
तौसीफचे अजून चार कूलर बाकी होते,
फोन खिशात थरथरत होता,
त्यानं काढला नाही.

स्टुलावर बसवलं.
घमेल्यात टाकीचं पाणी, एप्रिलचं, कढतच.
बाबांच्या टाचा आता मऊ,
चालणं सुटलेल्या, तान्ह्या बाळासारख्या.
वजरी कोनाड्यात कोरडी राहिली.
मी पाय हातात घेतला तर म्हणाले,
"आधी त्याले प्याले पाणी दे."

संध्याकाळी कूलर लावला.
ओल्या गवताचा वास घरभर,
जाळीतून दोन थेंब उडून त्यांच्या तोंडावर.
सवयीनं हात कपाळाला गेला, मग छातीला,
डाव्या खांद्याशी येऊन अडला.
मी धरून उजव्यापर्यंत नेला.

डोळे मिटलेलेच.
मला वाटलं, प्रार्थना.
तर म्हणाले, "पैसे देल्ले ना त्या पोराले?"