घसारा

डाव्या कानात चार वर्षांपासून एक किडा बसलाय.
गातो. थांबत नाही.
म्हणून इयरफोन फक्त उजव्या कानात,
देशमाने मॅडम अर्ध्याच डोक्याला शिकवतात.

गिनती झाली, बॅरेकचे दिवे गेले.
मी गाड्यांच्या शेडमागे, टाकीच्या चौथऱ्यावर.
परवानगी आहे, सुभेदार साहेबांच्या सहीची,
वरच्या खिशात, घडीवर फाटत आलेली.
देवळाली कॅम्पात एवढ्या एका जागी दोन कांड्या नेटवर्क येतं,
वारा भगूरकडून असेल तर तीन,
असं बिस्वाल शपथेवर सांगतो.

मॅडम म्हणतात, यंत्र घेतलं त्या दिवसापासून
त्याची किंमत उतरायला लागते.
मूळ किंमत वजा अवशेष मूल्य,
भागिले उपयुक्त आयुष्य.
याला म्हणायचं सरळ रेषा पद्धत.

मॅडम, तोफखान्यात माझी बारा वर्षं झाली.
इथून सुटलेलं काहीच सरळ रेषेत जात नाही.
चढतं, दमतं, वळतं,
आणि ज्यानं ते सोडलं त्याला न दिसणाऱ्या जागी उतरतं.
वारा, हवेचा दाब, दारूची ऊब
सगळं धरून कोन काढायचा, हीच माझी नोकरी.
एवढं चॅटमध्ये लिहिलं
आणि पुसलं.

फेब्रुवारीत एकदा तास दुपारी होता.
कानाच्या तपासणीमुळे मला सुट्टी,
रेंजवर दुसऱ्या बॅटरीचं फायरिंग चालू,
आणि माझा माइक चुकून उघडा.
"उगले, पाऊस आहे का हो तुमच्याकडे? केवढा गडगडाट!"
ऊन असं की समोरचा डोंगर पांढरा पडलेला.
हो मॅडम, म्हणालो. अवकाळी.
अठ्ठावीस चौकोनांत अठ्ठावीस चेहरे
एकदम द्राक्षांच्या काळजीत पडले.
पिंपळगावची एक मुलगी तर
कॅमेरा तसाच सोडून धावली. मागे रिकामी खुर्ची,
आणि लांबून तिचा आवाज: आई, आभाळ बघ गं!

ती परत येईपर्यंत मी मान खाली घालून
वहीच्या समासात तोफेचं चाक काढत बसलो.

प्रकल्पासाठी तारकाचे नागलीचे पापड घेतले.
पीठ, हिंग, पिशवी, हरसूलहून गाडीभाडं.
ना नफा ना तोटा बिंदू: महिन्याला तीनशे चाळीस पाकिटं.
फोनवर वाचून दाखवलं, जरा ऐटीतच.
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, लाटणारीचे किती धरले?
मी परत वर पाहिलं. वरपासून खालपर्यंत.
तो रकानाच नव्हता.

रविवारी नाशिकरोडला झेरॉक्स काढायला गेलो.
वाटेत नोटांच्या छापखान्याची भिंत.
आत कोऱ्या नोटा, बाहेर पहारा.
पहाऱ्यावरच्या पोराचे बूट पाहिले,
टाच एका बाजूला झिजलेली.
माझीही तशीच झिजते.
एकोणिसाव्या वर्षी भरती, छत्तिसाव्याला पेन्शन.
उपयुक्त आयुष्य सतरा वर्षं, त्यातली पाच शिल्लक.
अवशेष मूल्य:
गणित तिथे अडलं, आणि रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

परीक्षा ऑनलाइन. सूचना क्रमांक एक:
परीक्षार्थीनं नजर समोर ठेवावी, डावीउजवीकडे पाहू नये,
जागेवरून हलू नये.
सावधान, एवढंच ना?
सुभेदार साहेबांनी स्वतःची खोली दिली, पंखासुद्धा बंद केला.
बाहेर बिस्वाल दारात उभा, कोणाला खोकू देत नव्हता.
तिसऱ्याच प्रश्नाला घसारा आला.
मी आकडे मांडत होतो
तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी:
तुमच्या खोलीत आवाज आढळला आहे.

खोलीत कोणी नव्हतं.
फायरिंग नव्हतं त्या दिवशी, पाखरूही नव्हतं.
मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो,
नजर समोर,
आणि डाव्या कानातल्या त्याला हळूच विचारलं,
अरे, तुला ऐकलं की काय कुणी?