उपाशीपोटी

सव्वासहाला दांडिया बाजारातून निघतो,
डिकीत बर्फाचा डबा, सुया, कापूस
आणि उपाशी माणसांची यादी.

घडियाळी पोळीत काम असलं
की गाडी मांडवीशी लावून चालत सुटतो.
तिथे चुकलं तरी बिघडत नाही.
एका खडकीतून शिरावं, कुणाच्या ओट्याला घासत
वाळणाऱ्या पापडांना वळसा घालून
भलत्याच पोळीत निघावं,
तर तिथेही वरून कुणी ओरडतं,
"चित्र्यांकडे ना? मागून जा, उघडंय."
पाच नमुने, पंचवीस मिनिटं.

भायलीत रस्ते साठ फुटी.
फोनवर ते फांद्यांसारखे दिसतात
आणि फांद्यांसारखेच कुठेतरी संपतात:
एक गोल, गोलात बदामाचं रोप, मग भिंत.

आज तिथे दोन नावं.
मालविका दिघे, बंगला चौदा.
तरुलता अमीन, बंगला नऊ.
दिघेबाईंच्या दंडाला पट्टा बांधत होतो,
तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणी खोकलं.
"तीच ती," बाई म्हणाल्या,
"आधण ठेवून बसलीय बिचारी. पळा लवकर."

पळा म्हणजे:
दारवानाच्या वहीत वेळ, सही,
मोठा रस्ता, कालव्यावरून यू-टर्न,
दुसरी कमान, दुसरा दारवान, दुसरी वही,
"कोणाकडे? कशाला?"
पावणेतीन किलोमीटर.
अमीनबेन पायरीवर, ओठ सुकलेले.
"केटली वार, भाई!"

सुई टोचताना त्यांनी नजर वळवली, भिंतीकडे.
म्हणाल्या, इथे आमची तूर होती.
त्या काचा लावल्यात ना, तिथूनच बांध जायचा,
बांधावरून वाट, थेट तळ्यापर्यंत.
सगळं गाव चालायचं. गुरं, वराती, सगळं.
मी म्हटलं, मग बंद कुणी केली?
"आम्हीच विकली ने," त्या म्हणाल्या,
आणि कापूस घट्ट दाबून धरला.

भिंतीच्या बुडाशी पाणी जायला एक भोक आहे.
निघताना त्यातून एक मांजर आलं,
अंग झटकलं,
दिघेबाईंच्या घरचं दूध असावं मिशीला.

फाटकाशी वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहायची होती.
पेन संपलं होतं.
"राहू द्या," दारवान म्हणाला,
"तुम्ही उद्या येणारच आहात."
डब्यात दोघींच्या नळ्या
गतिरोधकावर एकमेकींना लागत होत्या.