जवळपासचा हिरवा

नळीवरची रबराची पट्टी आज सोडली.
तात्यांनी गुंडाळलेली, ब्याऐंशी साली,
कुलपाच्या साखळीनं रंग खरवडू नये म्हणून.
वाटलं, आत तो पहिला हिरवा असेल,
दुकानातून आणला तसा.
निघाला गंज.
पुराचं पाणी घरात होतं चार दिवस,
तेव्हा तिथंच मुरलं असणार.
बाकीची फ्रेम, ऊन खाल्लेली,
धड आहे.

मारुती चौकात मुजावर म्हणाला,
तो शेड बंद झाला, जवळपासचा देतो.

पॉलिश पेपर, लाल प्रायमर,
मग ऋजुताच्या नेलपेंटचा धुतलेला ब्रश.
दोन हात.
वाळेपर्यंत तिथंच बसलो, उगाच.

डाग कळतो.
हरिपूरच्या रस्त्याला लागलो
की फक्त मला.

पट्टी परत गुंडाळली नाही.
साखळी हँडलला अडकवली,
वाजते तर वाजू दे.